शाळेचा पट वाढलाय खरा, पण किती वर्षं वाढत राहणार?

प्रश्न: आमच्या भागात तीन-चार वर्षांत एवढ्या बिल्डिंगा उभ्या राहिल्यात की शाळेत पहिलीचे वर्ग तुडुंब, आणि आता लायब्ररीत पण एक तुकडी बसते. मी पालकांच्या कमिटीत आहे. एकजण म्हणतो लोकसंख्या दुप्पट झाली म्हणजे शाळा पण दुप्पट हवी, दुसरा म्हणतो मैदानात चार पत्र्याच्या खोल्या टाका आणि मोकळे व्हा. सुरुवात कुठून करायची?
– एक पालक

उत्तर: ते "दुप्पट" आधी डोक्यातून काढा. हजार नवे फ्लॅट झाले पण निम्मे एकाच खोलीचे असतील तर तिथून पोरं फारशी येत नाहीत, तीन बेडरूमवाले असतील तर भरपूर येतात. म्हणून घरं नुसती मोजायची नाहीत, कुठल्या टाइपच्या घरामागे किती मुलं हे बघायचं, आणि त्यासाठी शेजारचीच पाच-सात वर्षं जुनी सोसायटी मोजली तरी बराच अंदाज येतो. समजा घरामागे 0.3 मूल प्राथमिक वयाचं निघालं, तर हजार घरांमागे 300 मुलं, पाच इयत्तांत वाटली की प्रत्येकी 60, म्हणजे 30-30 च्या दोन तुकड्या. झाल्या दहा खोल्या. पण हे कागदावर हं, कारण मुलं अशी सारखी वाटून येत नाहीत, नवीन वस्तीत राहायला येतात ती बहुतेक तरुण जोडपी, त्यामुळे आधी बालवाडी आणि पहिली फुटते आणि पाचवीत बाकं रिकामी असतात.

दुसरा हिशोब जन्मनोंदींचा. पहिलीत येणारं मूल सहा वर्षं आधीच जन्मलेलं असतं, म्हणजे एवढी आगाऊ सूचना हातात असते आणि तरी दर जूनला सगळे दचकतात, याचं मला कायम नवल वाटतं. सहा वर्षांपूर्वी 200 जन्म आणि यंदा पहिलीत 170, तर प्रमाण 0.85. मग या 170 चे पुढच्या वर्षी दुसरीत 175 झाले तर लोक येतायत, 160 झाले तर जातायत. असं प्रत्येक इयत्तेचं तीन ते पाच वर्षांचं सरासरी प्रमाण काढलं की पुढची पाच-सहा वर्षं बऱ्यापैकी दिसतात. याची खोट एकच, हा हिशोब मागे बघून चालतो, उद्या ताबा मिळणारा टॉवर त्याला दिसत नाही, तो वरच्या घरांच्या हिशोबातून वेगळा मिळवायचा. आणि दोन्हीत तीच मुलं दोनदा धरू नका, ही चूक भलेभले करतात.

आता पत्र्याच्या खोल्या. नको असं मी म्हणत नाही, जमीन, मंजुऱ्या, टेंडर, बांधकाम यात तीन-चार वर्षं सहज जातात आणि तोवर पोरांना कुठेतरी बसवायलाच लागतं. पण काढायची तारीख ठरवूनच टाका. ब्रिटनमध्ये 1947 साली शाळा सोडायचं किमान वय 14 वरून 15 केलं, अख्ख्या एका वर्षाची जास्तीची मुलं शाळेत आली, म्हणून घाईघाईत तयार काँक्रीटच्या भागांच्या खोल्या उभारल्या, आणि त्यातल्या कितीतरी पुढे अनेक दशकं वापरात राहिल्या. शिवाय चार खोल्या वाढल्या की टॉयलेट, पाण्याचे नळ, जिन्याची रुंदी, मधल्या सुट्टीतलं मैदान यातलं काहीच वाढत नाही, उलट मैदान कमीच होतं.

म्हणून माझं मत सरळ आहे, जमीन आत्ताच पूर्ण घ्या, फाउंडेशन, टॉयलेट, हॉल, पाण्याची टाकी पूर्ण पटाला पुरेल अशी करा आणि वर्गखोल्या टप्प्याटप्प्याने बांधा. खोली नंतर जोडता येते, टॉवरच्या मध्ये नंतर जमीन मिळत नाही. जागा निवडताना अमेरिकन नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी 1929 साली मांडलेली कल्पना अजून कामाची आहे: शाळा वस्तीच्या मध्यावर, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, म्हणजे लहान मूल वाहता रस्ता न ओलांडता चालत शाळेत पोचतं. कडेचा उरलेला कोपरा फुकट मिळतोय म्हणून घेऊ नका.

प्रश्न: आज एवढा खर्च करायचा आणि वीस वर्षांनी मुलंच नसली तर?
– एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: भीती खरी आहे तुमची. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये 1971 पासून तरुण कुटुंबं एकदम राहायला आली, मुलं मोठी होऊन निघून गेली, आईवडील तिथेच राहिले आणि तिथल्या काही शाळा बंद कराव्या लागल्या. सगळी घरं एकाच वेळी भरली की लाट पण एकच येते, आधी प्राथमिकला, मग पाच-सहा वर्षांनी माध्यमिकला. म्हणून पक्क्या वर्गखोल्या लाटेच्या टोकाला पुरतील एवढ्या बांधू नयेत, टोकाच्या दोन-तीन वर्षांसाठी त्या तात्पुरत्या खोल्या चालतात. आणि एक मजला वेगळ्या जिन्याचा, वेगळ्या गेटचा ठेवला तर पुढे तिथे वाचनालय नाहीतर दवाखाना चालवता येतो, शाळेतून ये-जा न करता.

प्रश्न: ऑफिसवाले म्हणतात शाळेत अजून 40 जागा रिकाम्या आहेत, मग नवीन कशाला?
– एक शिक्षिका

उत्तर: त्यांना इयत्तेप्रमाणे विचारा. सातवीतल्या 40 रिकाम्या जागा पहिलीच्या मुलाच्या काय कामाच्या? आणि लॅब, चित्रकलेची खोली त्यांनी वर्ग म्हणून मोजलीय का तेही बघा, बहुतेक मोजलेली असते.