जावामध्ये मॅपच्या आतला मॅप ठरावीक प्रकारात कसा आणावा?

जिल्ह्याच्या नावाखाली तालुकावार पाऊस असलेला आतला मॅप तुम्हाला ऑब्जेक्ट म्हणून मिळत असेल आणि तो स्ट्रिंग-डबल प्रकारात हवा असेल, तर थेट कास्ट न करता (म्हणजे ‘हा याच प्रकारचा आहे’ असे कंपाइलरला नुसते न सांगता) जेसन हे डेटाचे मजकुरी स्वरूप हाताळणाऱ्या जॅक्सन लायब्ररीतील ऑब्जेक्टमॅपरची कन्व्हर्टव्हॅल्यू ही मेथड टाइपरेफरन्ससह, म्हणजे हवा असलेला पूर्ण प्रकार सांगणाऱ्या क्लाससह, वापरावी. जावा 5 पासून आलेल्या जेनेरिक्समधील (मॅपमध्ये कोणते प्रकार असतील हे लिहिण्याच्या सोयीतील) प्रकारांची माहिती कंपाइल करताना पुसली जाते. त्यामुळे अशा कास्टवर कंपाइलर फक्त ‘अनचेक्ड’ असा इशारा देतो, प्रोग्राम चालू राहतो, आणि ‘लातूर’खालील ‘औसा’ची किंमत जेसनमधून 12 अशी, म्हणजे इंटिजर म्हणून, आलेली असल्यास ती डबल म्हणून वाचताना, कास्टच्या ओळीपासून कुठेतरी दूर, क्लासकास्टएक्सेप्शन येते. ‘निलंगा’ची 7.5 मात्र बिनबोभाट वाचली जाते, म्हणूनच ही चूक चाचणीत सहज निसटते. वरील मेथड प्रत्येक किंमत खरोखर डबलमध्ये बदलते. मात्र मिळणारा मॅप ही नवी प्रत असते, तिच्यातील बदल मूळ मॅपमध्ये उतरत नाहीत. जॅक्सन वापरायचे नसल्यास साधा लूप फिरवून, नल (किंमतच नसणे) तपासून, प्रत्येक नंबरची डबलव्हॅल्यू घ्यावी. जावाच्या स्ट्रीम्समधून मॅप बनवणारी कलेक्टर्समधील टूमॅप ही मेथड येथे टाळलेली बरी, कारण एखाद्या तालुक्याची किंमत नल निघाली की ती नलपॉइंटरएक्सेप्शन देते.