इंदूरमध्ये पंतप्रधान आवास योजनेचा फ्लॅट हवा आहे. माझं लग्न झालंय. गावी वडिलांचं पक्कं घर असेल तर अर्ज करता येतो का?

तुमचं लग्न झालेलं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वडिलांचं घर आड येत नाही. योजनेच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. या चौकटीतल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर तुम्ही सर्वांत खालच्या गटात बसता. १ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. त्यात आणखी एक अट आहे: गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी आवास योजनेचा लाभ घेतलेला नसावा.

आम्ही पहिल्या टप्प्यात अर्ज केला होता. तेव्हा रामबागेत एका खोलीत भाड्यानं राहत होतो, हे कापड बाजारात एका दुकानात कामाला. माझी पहिली अडचण नावाची निघाली. आधारवर मी 'सुमन', समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळखपत्रात, 'सुमनबाई', आणि बँकेच्या पासबुकात माहेरचं आडनाव. आपल्याकडे बायकांच्या नावापुढे 'बाई' लावणं इतकं सवयीचं की कुणाच्या लक्षातही येत नाही, पण संगणकाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे तुमच्या पत्नीची कागदपत्रं आधी तपासा. समग्रमधली दुरुस्ती आणि आधार जोडणी एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रावर होते. ते झाल्याशिवाय आय प्रमाणपत्राच्या (उत्पन्नाच्या दाखल्याच्या) मागे लागू नका, नाहीतर त्यातही तेच चुकीचं नाव उतरेल.

अर्ज सरकारच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो. जमत नसेल तर नगर निगमच्या झोन कार्यालयात जाऊन विचारा. 'नंबर लावून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आमच्या शेजारणीनं मंगळसूत्र गहाण ठेवून अशा एकाला पैसे दिले. तिचा अर्ज भरलाच गेला नव्हता.

आता जे मला कुणीच आधी सांगितलं नाही ते. हे घर फुकट नसतं. मल्टीतल्या, म्हणजे बहुमजली इमारतीतल्या फ्लॅटला केंद्राकडून दीड लाख मिळतात, राज्याचा वाटा वेगळा, आणि उरलेली रक्कम आपल्याला हप्त्यांनी भरायची असते. घर मंजूर झालं तेव्हा आम्ही पेढे वाटले आणि दोन महिन्यांनी बँकेनं कर्ज नाकारलं. यांचा पगार रोख हातात मिळायचा, खात्यात काही दिसत नव्हतं. वर्षभर धावपळ केली. शेवटी मालकांना विनंती करून पगार खात्यात घ्यायला लागलो, कर लागत नसतानाही आयकराचं रिटर्न भरलं, माझं शिवणकामाचं उत्पन्नही त्याच खात्यात टाकलं, तेव्हा दुसऱ्या बँकेनं कर्ज दिलं. मधल्या काळात हप्ता चुकला म्हणून वाटप रद्द होण्याची नोटीस आली होती, त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही. म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगते, अर्ज नंतर भरलात तरी चालेल, पण मिळकत आजपासून खात्यात दिसू द्या.

जागा निवडताना घाई करू नका. बहुतेक प्रकल्प शहराच्या कडेला आहेत. कनाडियाच्या बाजूचा १०२४ घरांचा गुलमर्ग परिसर आम्ही बघून आलो होतो. घरं छान होती, पण दुकान बंद करून यांना रात्री रोज तिथवर परतायचं होतं, म्हणून दुसरीकडचं घेतलं. तुम्हीही कामावरून सुटायच्या वेळी एकदा तिथपर्यंत जाऊन बघा, शेवटची सिटी बस किती वाजता आहे ते विचारा. राहायला आलेल्या बायकांशी बोला. पाणी किती वेळ येतं, लिफ्ट चालते का, देखभालीचे दरमहा किती द्यावे लागतात, हे त्या नीट सांगतात.

पत्नीचं नाव आधार, समग्र आणि पासबुकात कसं आहे ते इथे लिहिलंत, तर कुठून सुरुवात करायची ते सांगीन.