बाळू पालवणकर खरंच एवढे मोठे गोलंदाज होते का? कारकीर्द तर फक्त ३३ सामन्यांची दिसते.

होते. पण ३३ या आकड्यावर जाऊ नका. बाळूंचा जन्म १८७६ चा आणि प्रथम श्रेणीतली, म्हणजे वरच्या दर्जाच्या अधिकृत सामन्यांतली नोंद सुरू होते १९०६ मध्ये, हिंदू विरुद्ध युरोपियन सामन्यापासून. म्हणजे तिशीला टेकल्यावर! त्याआधी पुण्या-मुंबईच्या क्लबांकडून काढलेले बळी या हिशेबातच नाहीत. पुढेही हिंदू, पारशी आणि युरोपियन संघांची तिरंगी, मग १९१२ पासून मुस्लिम संघ धरून चौरंगी स्पर्धा. वर्षाकाठी एखाद-दुसरा सामना.

३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. यातले ७५ बळी भारतीय संघाच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातले, सरासरी २०.१२. ते वजा केले की उरलेले १०४ बळी प्रत्येकी १२ धावांच्या आत पडतात. या दौऱ्याचा ११४ बळींचा आकडाही सापडेल; त्यात प्रथम श्रेणी नसलेले सामनेही धरले आहेत. लोक इथेच घोळ घालतात. संघाने प्रथम श्रेणीच्या १४ पैकी १० सामने गमावले, आणि अशा संघातून पस्तिशीच्या माणसाने केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत ८ गडी टिपले.

ही गोलंदाजी शिकवणीतून आलेली नाही. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना ३ रुपये, मग युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये. काम काय, तर रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या, नेट बांधायची आणि साहेबांना गोलंदाजी टाकायची. ग्रेग नावाचा कप्तान आपल्याला बाद केलं की ८ आणे द्यायचा, असं सांगतात. आठदा बाद केलं की महिन्याचा पगार सुटला! साहेबांपुढे बॅट मात्र कोणी हातात दिली नाही, हे १३.६९ च्या फलंदाजीच्या सरासरीकडे बघताना ध्यानात ठेवा.

चेंडू डाव्या हाताचा, संथ, हवेत वळणारा. डावखुऱ्या फिरकीचा चेंडू बाहेर जाणार, हे उजवा फलंदाज धरूनच चालतो. बाळू दोन्हीकडे वळवायचे, त्यामुळे ते गृहीतच अंगाशी यायचं.

पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्याच सहकाऱ्यांनी चेंडू त्यांच्या हातून घेतला, पण चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. जात चांभार, एवढंच कारण. कर्णधारपदाचंही तेच. १९२० मध्ये हिंदूंचे कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा ज्येष्ठ पालवणकर बंधूंना डावलून तरुण देवधरांना नेमलं, आणि विठ्ठल व शिवराम हे बाळूंचे भाऊ संघाबाहेर पडले. मग अंतिम सामन्याला बाळू उपकर्णधार. पै मुद्दाम मैदान सोडून गेले, आणि तेवढा वेळ संघ बाळूंच्या हाती आला. नावापुढे कर्णधार ही पदवी लागली ती विठ्ठलच्या, १९२३ मध्ये.