मे महिन्यात गुऱ्हाळ नसतं हो! (वाचकांचे प्रश्न)

ताई, आम्ही ठाण्याचे. मे महिन्यात चार-पाच दिवस कोल्हापूरकडे शेतावर राहायचं ठरतंय. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा, शिवाय सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. मुलांना गूळ तयार होताना बघायचाय आणि म्हशीचं दूध काढून बघायचंय. रिसॉर्ट नको, खरी शेती हवी. काय बघून बुक करू?

पहिल्यांदा गुळाचं सांगते, म्हणजे मुलांना आधीच आशा लावायला नको. मे महिन्यात गूळ विसरा. आमच्याकडे गुऱ्हाळं दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटतात, पाऊस लांबला तर अजून पुढं जातात, आणि उन्हाळा तापला की बहुतेक गार झालेली असतात. मे महिन्यात कोणी 'गूळ दाखवतो' म्हणालं तर फार तर रिकामी काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, आणि ऊस पिळायचा गंजलेला चरक दाखवेल, नाहीतर पॅकेटातला गूळ हातात देईल. गूळच बघायचा असेल तर नाताळच्या सुट्टीत या. तेव्हा थंडी असते, फडात ऊसतोडीच्या टोळ्या असतात, काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं ढकलणारा माणूस असतो, आणि रस दोन-तीन तास आटवल्यावर गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, नुसत्या पाकाकडं बघून काहील कधी उतरवायची ते सांगतो, ते बघण्यासारखंच. एक टन उसाचा साधारण १००-१२० किलो गूळ पडतो हे मुलीला सांगा, ती बाकीचं गणित स्वतःच करेल. फक्त पोराचा हात सोडू नका, उतरवायच्या वेळी पाक ११८ अंशांच्या आसपास असतो आणि काहील जमिनीलगतच असते. आणि त्या सीझनला रात्रीचा प्रवास टाळा, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर मागं दिवा नसताना रस्त्यावर असतात.

आता मे मध्येच यायचं असेल तर आजरा-चंदगडकडं बघा, तिकडं काजू, फणस, करवंदं असतात. महिन्याच्या शेवटी, २५ तारखेच्या पुढं आलात तर रोहिणी नक्षत्रावर धूळवाफेची भातपेरणी चाललेली असू शकते, म्हणजे कोरड्या मातीतच बी टाकायचं आणि वर आभाळाकडं बघत बसायचं. तेही वळवानं गोंधळ घातला नाही तर.

म्हणून फोनवर 'फॅसिलिटी काय आहेत' हा प्रश्न दुसरा. पहिला हा विचारा, की आम्ही येतोय त्या आठवड्यात तुमच्या शेतात काय काम चाललेलं असेल? समोरचा फटकन 'पाणी पाजणं आहे, पंपाला रात्रीची लाईट आहे त्यामुळं दोनला उठतो, वैरण काढतो' असं काहीतरी बोलला तर ती खरी शेती. 'बैलगाडी राईड आहे, रेन डान्स आहे' असं ऐकू आलं तर समजून जा. ते वाईट असतं असं नाही, पण तुम्हाला ते नकोय ना.

दुधाचं म्हणाल तर म्हैस अनोळखी हाताला सहसा पान्हा सोडत नाही, आणि धार काढायची वेळ म्हणजे त्या घराचा पगार असतो, तिथं प्रयोग करू देतीलच असं नाही. त्यापेक्षा पहाटे उठवून पोरांना किटली घेऊन गावच्या डेअरीत पाठवा, मशीनवर फॅट कशी लागते आणि त्यावर दर कसा ठरतो ते बघू देत. सासूबाईंसाठी कमोड आहे का आणि खोलीपासून संडास किती लांब आहे हे मात्र फोटो मागवून बघा, 'आहे की, जवळच आहे' यावर जाऊ नका, आमच्याकडं जवळ म्हणजे काहीही असतंय.

आमचं पन्हाळ्याकडं घर आहे, अडीच एकर ऊस-भात, दोन म्हशी. नणंद म्हणते वरच्या दोन खोल्या शहरातल्या पाहुण्यांना दे. मिस्टर म्हणतात पाहुणे सांभाळायचे का म्हशी? काय करू?

वहिनी, मिस्टरांचा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर 'दोन्ही' असं होऊ शकतंय, एका वेळी एकच कुटुंब घेतलं तर. पाहुण्यांसाठी शेतीचं वेळापत्रक बदलायचं नाही, त्यांनी तुमच्या वेळेला उठायचं, आणि लावणीच्या धांदलीत जमत नसेल तर सरळ नाही म्हणायचं. जेवणात पनीर करत बसू नका. तांबडा-पांढरा रस्सा रोज मागतील, पण तो काही शेतातला रोजचा डबा नव्हे. भाकरी, झुणका, खर्डा, दही ठेवा आणि त्या स्वयंपाकाचे वेगळे पैसे लावा, कारण खोलीचं भाडं घरात जातं आणि चुलीपुढं तुम्ही बसता. हे नणंदेला आधीच सांगून टाका.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलंय, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं होते, ती करून घ्या. पण त्याच्याही आधी विहिरीला कठडा, पाण्याच्या मोटारीच्या पेटीला कुलूप, आणि फवारणीची औषधं वर, कुलपात. शहरातल्या पोरांना पेटी काय आणि बाटली काय, सगळं खेळणंच वाटतं.

शेतावर गेल्यावर मुलांना धारोष्ण दूध द्यावं का? आमच्या घरात सगळे कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर उभं राहून प्यायलेत, काही झालं नाही. – इचलकरंजी

ज्यांना झालं नाही तेच सांगायला येतात. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, टीबी जनावराकडून माणसाला येऊ शकतो आणि म्हैस बाहेरून ठणठणीत दिसते. मोठ्यांनी आपल्या जबाबदारीवर काय ते ठरवावं, लहान पोरांना आणि गरोदर बाईला उकळूनच द्या. साय तर उकळल्यावरच येते, आणि पोरांना तीच पाहिजे असते.