फॉलआउट ४, सर्व्हायव्हल मोड: पॉवर आर्मर, फ्यूजन कोअर आणि हॅझमॅट सूटचं गणित

फॉलआउट ४ या अणुयुद्धानंतरच्या जगातल्या व्हिडिओ गेमच्या सर्व्हायव्हल, म्हणजे सगळ्यात खडतर, मोडबद्दलचे तुमचे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून तुकड्या-तुकड्यांत उत्तर न देता सलगच लिहितो. तुम्ही विचारलंय ते असं: अंगात उत्तम कॉम्बॅट आर्मर (अंगावर चढवायचं साधं चिलखत) असताना पॉवर आर्मरमध्ये (आत शिरून चालवायचं यांत्रिक चिलखत) शिरलं तर दोन्हींची बेरीज का होत नाही, सँक्च्युअरी या वस्तीहून डायमंड सिटी हे शहर गाठेपर्यंत तीन फ्यूजन कोअर (पॉवर आर्मरच्या बॅटऱ्या) कसे संपले, हॅझमॅट सूट (किरणोत्सर्गापासून वाचवणारा पोशाख) घालूनही ग्लोइंग सी या किरणोत्सर्गी भागात रॅडस्कॉर्पियन या महाकाय विंचवानं दोन फटक्यांत कसं लोळवलं, आणि इतकं रॅडअवे (किरणोत्सर्ग उतरवणारं औषध) घेऊनही तब्येत का बिघडतेय.

यातलं काहीच खेळ धडपणे सांगत नाही, त्यामुळे गोंधळ होणं अगदी साहजिक आहे. मनगटावरचा पिप-बॉय संगणक आकडे दाखवतो, पण त्या आकड्यांचा अर्थ सांगत नाही. तर आधी तो अर्थ बघू, कारण बाकी बहुतेक उत्तरं त्यातूनच निघतात.

डॅमेज रेझिस्टन्स (मार रोखण्याची चिलखताची ताकद) ५० दिसला की बहुतेकांना वाटतं ५० टक्के मार वाचला, किंवा प्रत्येक गोळीतून ५० वजा झाले. दोन्ही चूक. हा खेळ रेझिस्टन्सची तुलना त्या एका फटक्याच्या ताकदीशी करतो. फटक्याच्या आकड्याला ०.१५ नं गुणायचं, तुमच्या रेझिस्टन्सनं भागायचं आणि जे येईल त्याचा ०.३६५ वा घात काढायचा. एवढा हिस्सा तुमच्यापर्यंत पोचतो. फटका आणि रेझिस्टन्स सारखे असतील तर बरोबर निम्मा मार बसतो, हे लक्षात ठेवायला सगळ्यात सोपं.

आता तुमचाच ५० रेझिस्टन्स घ्या. समोरच्या रेडरकडे (लुटारूकडे) फडफडणारी पाइप गन आहे, एका गोळीचा मार १०. तुम्हाला त्यातला जेमतेम २८ टक्के लागतो, म्हणजे तीनही नाही. त्याच चिलखतावर १५० चा एक फटका आला तर ७५ टक्के आत येतो, म्हणजे ११० च्या वर. चिलखत तेच, आकडा तोच, पण एकीकडे तुम्ही अभेद्य आणि दुसरीकडे जवळजवळ उघडे. म्हणून रेडरांच्या गोळीबारातून आरामात बाहेर पडणारा माणूस डेथक्लॉ या राक्षसी जनावराच्या एका पंज्यात आडवा होतो. तुमचं चिलखत वाईट नाही, ते मोठ्या फटक्यांपुढे अपुरं आहे.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मते नव्या खेळाडूला सगळ्यात उपयोगी तीच आहे. रेझिस्टन्स दुप्पट केला की येणारा मार साधारण २२ टक्क्यांनी कमी होतो. ५० चे १०० केले तरी तेवढाच फरक, ६०० चे १,२०० केले तरी तेवढाच. म्हणजे सुरुवातीचे आकडे स्वस्त आणि फायद्याचे, पुढचे महाग. हातात थोडं सामान असेल तर एकाच छातीच्या तुकड्यावर सगळं ओतण्यापेक्षा दोन्ही हात, दोन्ही पाय आणि छाती असे पाचही तुकडे अंगावर आधी चढवा. रेलरोड या गुप्त संघटनेशी जुळवून घेतलंत तर त्यांच्या टिंकर टॉमकडे बॅलिस्टिक वीव्ह, म्हणजे कपड्यांना बसवायचं संरक्षक अस्तर, मिळतं. त्याच्या पाचव्या श्रेणीत साध्या कपड्यालाही गोळ्यांविरुद्ध ११० आणि ऊर्जाशस्त्रांविरुद्ध ११० मिळतात. त्यासाठी रेलरोडची थोडी जास्तीची कामं करावी लागतात आणि वरच्या श्रेणींना आर्मरर पर्क (पातळी वाढल्यावर निवडायचं कौशल्य) लागतो, पण पॉवर आर्मरशिवाय फिरणाऱ्याला याहून चांगलं काही नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. पॉवर आर्मरमध्ये शिरलात की आतल्या चिलखताचा आणि कपड्यांचा रेझिस्टन्स मोजलाच जात नाही. बॅलिस्टिक वीव्हसुद्धा नाही. तिथे फक्त सांगाड्यावर बसवलेले तुकडे मोजले जातात: शिरस्त्राण, छाती, दोन हात, दोन पाय. सांगाडा कधी मोडत नाही, पण तुकड्यांना प्रत्येकाचं वेगळं आयुष्य असतं आणि ते संपलं की तो तुकडा गळून पडतो. डावा हात गेला की त्या हाताचा रेझिस्टन्सही गेला, आणि आत घातलेलं कॉम्बॅट आर्मर ती जागा भरून काढत नाही. म्हणून लांबच्या वाटेला निघण्याआधी तुकड्यांची स्थिती बघून घ्या. दुरुस्ती पॉवर आर्मर स्टेशनवर होते आणि नुसत्या दुरुस्तीला कुठलाही पर्क लागत नाही, पर्क लागतात ते श्रेणी वाढवायला. टी-४५ या पॉवर आर्मरच्या मॉडेलला पोलादावर भागतं. पुढच्या मॉडेल्सना ॲल्युमिनियम लागू लागतं आणि ते कायम कमी पडतं, त्यामुळे टीव्ही डिनरचे ट्रे आणि दवाखान्यांतले सर्जिकल ट्रे दिसतील तिथे उचलत चला.

आणखी एक बाब नजरेतून निसटते. पॉवर आर्मरमध्ये तुमची स्ट्रेंग्थ (ताकदीचा गुण) ११ धरली जाते. तुमची ३ असेल तर चांदी, पण मेहनतीनं १० वर नेली असेल तर वजन पेलण्यातला फायदा फारच थोडा उरतो.

कोअर संपण्याचं कारण तुम्ही प्रश्नातच लिहिलंय: ‘लवकर पोचायचं म्हणून पळत गेलो’. नुसतं उभं राहिलात तर कोअर खर्च होत नाही. चाललात तर अगदी सावकाश होतो. पण धावणं, जोराचा प्रहार, जेटपॅक, म्हणजे जिथे ॲक्शन पॉइंट (दमाचे गुण) जळतात तिथे कोअरही झरझर उतरतो. खेळाच्या सुरुवातीचा काँकॉर्ड गावातला प्रसंग आठवा. म्युझियम ऑफ फ्रीडमच्या तळघरातला कोअर काढून गच्चीवरच्या टी-४५ मध्ये घातला, मिनीगन उपटली, खाली उडी मारली. उडीला काही खर्च नाही, उंचावरून पडल्याचा मारही पॉवर आर्मर झेलतं. डेथक्लॉशी लढायलाही फार जात नाही. मग लढाई जिंकल्याच्या भरात बहुतेक जण सँक्च्युअरीपर्यंत धावत सुटतात आणि तिथे पोचल्यावर कोअरचा आकडा बघून हबकतात. त्या वाटेवर रेड रॉकेट पंपावर पॉवर आर्मर स्टेशन आहे, सँक्च्युअरीतही आहे. चालत जा, काही बिघडत नाही.

कोअर पूर्ण संपला तरी तुम्ही आत अडकत नाही. फक्त पाय ओढत चालावं लागतं, धावणं बंद, व्हॅट्स (नेम धरून देणारी यंत्रणा) बंद. सर्व्हायव्हलमध्ये दारूगोळ्याला वजन आहे आणि फ्यूजन कोअर त्यातल्या जड वस्तूंमध्ये येतो, त्यामुळे डझनभर कोअर पाठीवर घेऊन हिंडणं हा त्यावरचा उपाय नाही. एक बसवलेला, एक-दोन जवळ, बाकीचे वाटेवरच्या वस्त्यांमध्ये वाटून ठेवा. विकत घ्यायचे तर डायमंड सिटीत आर्टुरो, गुडनेबरमध्ये क्लिओ, शिवाय ॲटम कॅट्सचं गॅरेज. इंटेलिजन्स ९ असेल तर न्यूक्लिअर फिजिसिस्ट पर्क घ्याच. पहिल्या पायरीला कोअर २५ टक्के जास्त टिकतो, दुसऱ्या पायरीला ५० टक्के आणि तिसऱ्या पायरीला दुप्पट. तुमच्यासारखं पॉवर आर्मरमध्येच राहायला आवडणाऱ्यासाठी याच्या तोडीचा दुसरा पर्क मला दिसत नाही.

आणि बाहेर पडताना कोअर काढून घ्या. प्रत्येक वेळी. कोअर आत राहिला तर वस्तीवर हल्ला झाल्यावर कोणीही तुमच्या पॉवर आर्मरमध्ये शिरू शकतं. कधी वस्तीतलाच माणूस असतो, कधी रेडर. सोबत्याला मात्र पॉवर आर्मर देऊन टाकायला हरकत नाही. त्याचा कोअर खर्च होत नाही, तुकडे तेवढे झिजतात.

आता ग्लोइंग सी. हॅझमॅट सूटचा किरणोत्सर्गाविरुद्धचा आकडा १,००० आहे आणि तो आपलं काम चोख करतो. गोळ्या, पंजे आणि नांग्या यांच्याविरुद्ध त्याचा आकडा शून्य आहे. वर सगळं अंग झाकत असल्यामुळे त्यावर चिलखताचे तुकडेही चढत नाहीत. म्हणजे तो घालून तिथे लढायला उतरणं हे रेनकोट घालून दगडफेकीत शिरण्यासारखं आहे. रॅडस्कॉर्पियन जमिनीखालून थेट तुमच्या पायाशी निघतो, तेव्हा पळायलाही अवधी मिळत नाही. रिकाम्या आणि किरणोत्सर्गी जागेत शोधाशोध करायची असेल तर हॅझमॅट सूट छान आहे: हलका, कोअर लागत नाही. जिथे किरणोत्सर्ग आणि जनावरं दोन्ही आहेत तिथे पॉवर आर्मरच लागतं, कारण त्यात दोन्हींचा बंदोबस्त होतो. तोही सहाही तुकड्यांनिशी, कारण किरणोत्सर्गाचा रेझिस्टन्सही त्या तुकड्यांतूनच येतो. दोन तुकडे गळाले की गायगर काउंटरची टिकटिक वाढलेली लगेच ऐकू येईल.

राहिलं रॅडअवे. किरणोत्सर्ग तुमची जीवनरेषा उजवीकडून लाल करत आणतो. १० रॅडला कमाल आयुष्याचा १ टक्का जातो आणि १,००० ला खेळ खलास. साध्या मोडमध्ये लाल दिसलं की रॅडअवे घेतलं, विषय संपला. सर्व्हायव्हलमध्ये रॅडअवे घेतल्यावर काही काळ प्रतिकारशक्ती घसरते, शिवाय तहान-भूकही वाढते. त्याच अवस्थेत मोलरॅट चावले, कच्चं मांस खाल्लं की आजार जडतो. तुमच्याबरोबर नेमकं हेच चाललंय: रॅडअवे, मग लढाई, मग संसर्ग, मग रक्त कमी म्हणून स्टिमपॅक (जखमा भरणारं औषध), मग पुन्हा तहान. थोडा लाल पट्टा अंगावर वागवायची सवय करा. शंभर-दीडशे रॅडनं काही होत नाही. जास्त झालं तर वस्तीत परतून डॉक्टरला कॅप्स (खेळातलं चलन) मोजा. डायमंड सिटीत डॉक्टर सन किरणोत्सर्गही उतरवतो आणि आजारही बरा करतो, तेही प्रतिकारशक्तीला धक्का न लावता. रॅडअवे ग्लोइंग सीच्या मधोमध खरोखर नाइलाज झाल्यावर वापरण्यासाठी राखून ठेवा. रॅड-एक्स (किरणोत्सर्ग रोखणारं औषध) आधी घ्यायचं असतं, आत शिरून काउंटर कडकडायला लागल्यावर नाही.

तुम्ही ग्लोइंग सीत लपलेल्या व्हर्जिल या शास्त्रज्ञाला शोधायला पुन्हा निघणार आहात, तर माझा सल्ला आहे की थोडं थांबा. केलॉग या खलनायकाचा निकाल लागल्यावर प्रिडविन, म्हणजे ब्रदरहुड या लष्करी संघटनेचं हवाई जहाज, आकाशात येते. केंब्रिज पोलिस स्टेशनात पॅलाडिन डान्सला भेटून ब्रदरहुडमध्ये गेलात तर प्रिडविनवर टी-६० पॉवर आर्मर मिळतं आणि व्हर्टीबर्ड (उडतं वाहन) बोलवायचे सिग्नल ग्रेनेडही मिळतात. सर्व्हायव्हलमध्ये फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट पोचणं) बंद असलं तरी व्हर्टीबर्ड चालतं, सापडलेल्या कुठल्याही ठिकाणी नेतं आणि तेवढ्या वाटेचा कोअर वाचतो. दक्षिणेला ग्लोइंग सीच्या काठावर समरव्हिल प्लेस नावाची वस्ती आहे. तिथलं वर्कशॉप वापरायला मिळालं की एक चांगला पलंग बांधा आणि निघण्यापूर्वी झोपा, म्हणजे खेळ तिथे सेव्ह होईल. मग टी-६० चे सहाही तुकडे तपासून, दोन जादा कोअर घेऊन, न धावता आधी क्रेटर ऑफ ॲटम ही वस्ती गाठा. व्हर्जिल कुठल्या गुहेत आहे ते तिथे मदर इसोल्ड सांगते. तिच्याशी नीट बोला, तिथल्या कोणावरही बंदूक रोखू नका.