7 मजली इमारतीला कुठला बंब येणार?

पर्वरीच्या एका सोसायटीतल्या सदस्यानं विचारलंय: अग्निशमन दलाकडे गाड्या किती प्रकारच्या असतात, आणि आमच्या 7 मजली इमारतीला आग लागली तर शिडीची गाडी वरपर्यंत पोचेल का? गोव्यात अग्निशमनाच्याच कामात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

101 फिरवल्यावर आधी निघतो तो पाण्याचा बंब, म्हणजे वॉटर टेंडर. त्याच्या टाकीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण एका नळीतून मिनिटाला 450 लिटर जातं असं धरा आणि दोन नळ्या चालू ठेवा, पाच मिनिटांत टाकी कोरडी. म्हणून मागोमाग वॉटर बाउझर लागतो. त्यात दहा-बारा हजार लिटर मावतं, पण ती गाडी जड आणि लांब, वाड्यावरच्या वळणाला अडते. विहिरीतून पाणी घ्या की, असं लोक सांगतात. बंबाचा पंप प्रत्यक्षात सात-साडेसात मीटरच्या खालचं पाणी ओढू शकत नाही, कारण पाणी वर ढकलण्याचं काम हवेचा दाब करतो आणि त्याला मर्यादा आहे. एप्रिल-मेमध्ये जांभ्या दगडातल्या आपल्या कितीतरी विहिरींचं पाणी त्याहून खाली गेलेलं असतं. मग पाण्यात सोडायचा वेगळा पंप आणावा लागतो, आणि त्यात वेळ जातो.

आता शिडी. यात दोन जाती आहेत. टर्नटेबल लॅडर ही सरळ सरकत जाणारी शिडी. ती पटकन उभी राहते आणि तिच्यावरून माणसं एकामागून एक उतरवता येतात. हायड्रॉलिक प्लॅटफॉर्मला कोपरातून वाकणारे हात आणि टोकाला पिंजरा असतो. तो अडथळ्यावरून पलीकडे झुकतो, पण पिंजऱ्यात मावतील तेवढीच माणसं एका खेपेला खाली येतात. फिनलंडच्या ब्राँटो स्कायलिफ्टचे काही प्लॅटफॉर्म 112 मीटरपर्यंत जातात, त्यामुळे 7 मजल्यांची उंची हा तसा प्रश्नच नाही. खरी अडचण जमिनीवर आहे. गाडी उभी राहिली की चारी बाजूंना पाय पसरते, आणि सगळा भार त्या चार पायांवर येतो. राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतीभोवती किमान 6 मीटर मोकळी जागा आणि 45 टनांपर्यंतची गाडी पेलणारी जमीन सांगितली आहे. तुमच्या आवारात पेव्हरखाली पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक आहे का? त्याचा स्लॅब केवढ्या वजनाचा आहे? वरून विजेच्या तारा जातात का? शिडी भिंतीपासून जितकी लांब उभी राहील तितकी तिची उंची कमी होते, हेही धरा.

सोसायटीवाले शिडीची चौकशी करतात, पण फाटकाजवळच्या लाल पाइपाकडे कुणी बघत नाही. मला हे मनापासून खटकतं. 63 मिलिमीटरच्या तोंडांचा तो फायर सर्व्हिस इनलेट आहे. बंब त्यातून इमारतीच्या उभ्या पाइपात, म्हणजे रायझरमध्ये, पाणी ढकलतो आणि आमची माणसं पाचव्या-सहाव्या मजल्यावर आत जाऊन तिथंच नळी जोडतात. बाहेरून शिडीवरून मारलेलं पाणी पुष्कळदा खिडकीच्या आतल्या भिंतीवरच संपतं. त्यामुळे 7 मजल्यांसाठी चालू स्थितीतला रायझर आणि साधा वॉटर टेंडर ही जोडी पहिली. इनलेटची झाकणं काढून एकदा आत बघा. प्लास्टिकच्या बाटल्या, चिंध्या, कुंडीतली माती, काय वाटेल ते सापडतं. आत अडकलेली गुटख्याची पुडीसुद्धा पाण्याबरोबर वर जाऊन ब्रँचच्या, म्हणजे नळीच्या टोकाच्या फवारणीच्या, तोंडात बसते.

रस्त्याबद्दल कळकळीनं सांगतो. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री हडफड्याच्या नाइट क्लबच्या आगीत 25 जीव गेले. तिथं वाट अरुंद असल्यामुळे बंब सुमारे 400 मीटर मागं थांबवावे लागले. नळी 15 मीटरची धरली तर एवढ्या अंतराला सत्तावीस नळ्या एकमेकींना जोडायच्या, आणि प्रत्येक नळीत थोडा थोडा दाब मरतो. पणजीतल्या फोंताइन्हासच्या गल्ल्यांसाठी, म्हापशाच्या बाजारासाठी छोटे मिनी टेंडर आणि पाण्याचा बारीक फवारा मारणाऱ्या मोटारसायकली हव्यात त्या यासाठी. सुरुवातीच्या आगीला त्या उत्तम. आग छपराला लागली की त्यांचं पाणी पुरत नाही.

आता खास कामाच्या गाड्या. पेट्रोल, थिनर, रंग पेटला तर फोम टेंडर, म्हणजे फेस मारणारा बंब लागतो. जानेवारी 2023 मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा कारखाना पेटला, तेव्हा फोमची गरज काय असते ते सगळ्या गोव्यानं पाहिलं. तीन टक्क्यांचा फोम म्हणजे 97 लिटर पाण्यात 3 लिटर फोमचा मूळ द्रव. पण मद्यार्कावर साधा फोम टिकत नाही, तो विरघळून जातो. तिथं अल्कोहोलला टिकणाराच फोम हवा. फेणीची भट्टी किंवा गोदाम असणाऱ्यांनी फोनवर हे आवर्जून सांगावं. गॅससाठी कोरड्या पावडरीची गाडी असते. अमोनियाची गोष्ट वेगळी. जानेवारी 2018 मध्ये चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला होता. हा वायू पाण्यात झपाट्यानं विरघळतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेत फवाऱ्याचा पडदा धरतात. मात्र साचलेल्या द्रव अमोनियावर थेट पाणी मारलं तर तो आणखी उसळतो. अमोनियावर चालणाऱ्या मासळीच्या बर्फाच्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

रेस्क्यू टेंडरमध्ये पाणी कमी आणि अवजारं जास्त: पत्रा कापणारी, फाकवणारी हायड्रॉलिक कात्री, हवेनं फुगून ट्रक उचलणाऱ्या पिशव्या, करवती. हमरस्त्यावर अपघात झाला किंवा पावसाळ्यात घरावर माड पडला, तर तिलाच काम.

दाबोळी आणि मोपाच्या विमानतळांवरच्या क्रॅश टेंडरांबद्दलही लोक विचारतात. त्या चालता चालता छतावरच्या तोफेतून फोम मारतात, आणि तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या टोकाला पोचणं त्यांना बंधनकारक असतं. त्या बाहेर गेल्या तर विमानतळाची सुरक्षेची श्रेणी खाली येते, म्हणून गावातल्या आगीला त्या सहज मिळत नाहीत.

रानात यांतलं काहीच चढत नाही. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्य पेटलं, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी बांबी बकेटनं, म्हणजे खाली टांगलेल्या मोठ्या बादलीनं, पाणी टाकलं. खाली मात्र माणसं झाडाच्या डहाळ्यांनी आग झोडपत आणि जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत-पाला काढलेला पट्टा, काढत होती. सड्यावरच्या सुक्या गवतासाठी आणि काजूच्या बागांसाठी लहान टाकीची, चारही चाकांना जोर असलेली जीप लाखमोलाची ठरते.

पर्वरीच्या सदस्यांना माझं सांगणं असं की शनिवार-रविवारी टेप घेऊन खाली उतरा. फाटकाची रुंदी, कमान असल्यास तिची उंची, जमिनीखालच्या टाकीची जागा आणि इनलेटपासून बंब उभा राहील तिथपर्यंतचं अंतर, एवढं मोजून इथे टाका. रायझरच्या पंपाला जनरेटरची जोड आहे का तेही लिहा, मग शिडीची गाडी नेमकी कुठं उभी राहील ते बघू.