चहा न पिणारे पाहुणे

ताई,
आम्ही इंग्लंडमध्ये प्रेस्टनजवळ राहतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या आहेत. गेल्या महिन्यात भर पावसात दोन अमेरिकन मुलं दारात आली. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. सासूबाईंनी त्यांना आत बोलावलं, पण घरात आम्ही दोघीच दिसल्यावर ती उंबऱ्याबाहेर भिजत उभी राहिली. हे वरून खाली आले, तेव्हा कुठे बूट काढून आत बसली. मी आलं घालून चहा केला. एकानेही कप उचलला नाही. सासूबाईंना ते फार लागलं. "आपल्या हातचं चालत नसेल त्यांना," असं दोन दिवस म्हणत होत्या. तेव्हापासून दर मंगळवारी ती येतात. माझा चौदा वर्षांचा मुलगा त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये बास्केटबॉल खेळायला जायचं म्हणतो. हे चिडलेत, पुढच्या वेळी दारच उघडू नकोस म्हणतात. मला त्या मुलांची दया येते आणि भीतीही वाटते. काय करू?
– एक वाचक, लँकशायर

आधी चहाचं बोलू, कारण घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या मनाला लागलंय ते तेच. ही मुलं मॉर्मन पंथाची धर्मप्रचारक आहेत. त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', आणि त्याच नावाने त्यांना ओळखलेलं त्यांना आवडतं. संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३३ साली आहाराचे जे नियम घालून दिले, त्यांत दारू आणि तंबाखूबरोबर 'गरम पेयं' वर्ज्य आहेत. चर्च त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावतं. म्हणून गरम दूध चालतं, कोको चालतो, पण बर्फ घातलेला चहासुद्धा चालत नाही. तुमच्या घरचाच काय, ती कुणाच्याच घरचा चहा पीत नाहीत.

मी बारा वर्षं सॉल्ट लेक सिटीजवळ राहिले. आई पहिल्यांदा तिकडे आली तेव्हा शेजारणीने असाच चहा नाकारला होता. मी कारण सांगितलं, तर आई लगेच म्हणाली, "म्हणजे माळकरीच की गं." त्यानंतर ती शेजारीण आली की आई लिंबू सरबत करायची. सासूबाईंना तू एवढा एकच शब्द सांग. साताऱ्याच्या माणसाला माळकरी समजावून सांगावा लागत नाही.

दारात उभं राहण्याचंही तसंच. घरात फक्त बायका असतील आणि दुसरा मोठा पुरुष नसेल, तर या मुलांनी आत जायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. ती पावसात उभी राहिली ती तुझा मान राखून.

आता त्यांचे दिवस कसे जातात ते सांगते, कारण तुला वाटणारी भीती ते माहीत नसल्यामुळे आहे. मुलं अठराव्या वर्षापासून धर्मप्रचाराला जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी. मुलीही जातात, त्यांची मुदत दीड वर्षाची. कुठे जायचं हे त्यांनी ठरवायचं नसतं. अर्ज करायचा आणि चर्चच्या मुख्यालयातून पत्र येईल त्या देशात जायचं. पगार नाही. उलट अमेरिकेतून निघणाऱ्या मुलासाठी महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, मग तो लंडनला जावो की घानाला. बरीच मुलं शाळेत असल्यापासून गवत कापून, हॉटेलात भांडी घासून हे पैसे साठवतात. सकाळी साधारण साडेसहाला उठायचं, व्यायाम, प्रार्थना, अभ्यास, मग दिवसभर माणसं भेटायची, साडेदहाला दिवे बंद. सोबत कायम एक जोडीदार. त्याच्याशी पटो न पटो, एकट्याने कुठे जायचं नाही. सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणं नाही. एकमेकांना हाक मारायची ती 'एल्डर' आणि पुढे आडनाव. अठरा वर्षांच्या मुलाला एल्डर, म्हणजे वडीलधारा! आणि घरची हाक मारायला दोन वर्षं जवळ कुणी नसतं.

आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुवायला, वाणसामान आणायला आणि घरी बोलायला मिळतो. २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन करायची परवानगी आहे. त्याआधी इमेल चालायचे, पण आवाज ऐकायला मिळायचा वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. आमच्या शेजारणीचा थोरला ब्राझीलला होता तेव्हाचा मातृदिन मला अजून आठवतो. ती सकाळपासून फोन मांडीवर घेऊन ओट्यापाशी बसली होती. मी पोळ्या घेऊन गेले, तर तिने बोटानेच 'थांब' म्हणून खुणावलं. फोन आला, बोलणं झालं, आणि ठेवल्यावर ती म्हणाली, "आवाज बदललाय त्याचा." माझी आई साताठ हजार मैलांवर माझ्या फोनची वाट पाहत बसते ती कशी बसत असेल, हे मला त्या दिवशी समोर दिसलं.

म्हणून तुला दया येते ती योग्यच आहे. पण दया येते म्हणून मोघम बोलू नकोस. आपण दारातल्या माणसाला तोंडावर 'नको' म्हणत नाही. 'बघू', 'या परत सवडीने', 'पुढच्या आठवड्यात बोलू' असं म्हणतो आणि समोरच्याला कळलं असं धरून चालतो. सांगली-साताऱ्यात कळतंही. अमेरिकेतल्या आयडाहोच्या मुलाला कळत नाही. त्याने 'पुढचा मंगळवार' असं लिहून घेतलेलं असतं. तुमच्याकडे मंगळवार सुरू झाला तो बहुतेक असाच. पुढच्या भेटीत दोघांनी मिळून स्पष्ट सांगा: "आम्ही हिंदू आहोत, धर्म बदलण्याचा आमचा विचार नाही, धर्माचा पाठ ऐकण्यात आम्हाला रस नाही. पाणी प्यायला, जेवायला या." त्यांना वाईट वाटणार नाही. दिवसाला अनेक दारं तोंडावर बंद होतात, काही जण शिव्याही देतात. सरळ बोलणाऱ्या माणसाचे ती आभार मानतात, हे मी पाहिलेलं आहे.

तुझ्या यजमानांच्या रागाला मी हसणार नाही. महाराष्ट्राला धर्मांतराची जुनी आठवण आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना ते आधी ठाऊकही नव्हतं, आणि त्यांची जी ओढाताण झाली ती मराठी घरांत अजून सांगितली जाते. मॉर्मन प्रचारकही आपल्याकडे त्याच्या आधीच येऊन गेले होते. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस १८५२ साली मुंबईत उतरला, पुण्यातही राहिला, छोटी मंडळीही जमवली, पण काही वर्षांतच ते काम थांबलं. आणि तुम्ही राहता ते प्रेस्टन तर त्यांच्या इतिहासातलं मोठं गाव आहे. अटलांटिक ओलांडून त्यांचे पहिले प्रचारक १८३७ साली तिथेच आले आणि तुमच्या रिबल नदीतच त्यांनी पहिले बाप्तिस्मे दिले. एम ६१ महामार्गावरून जाताना चॉर्लीला सोनेरी पुतळ्याचं जे पांढरं मंदिर दिसतं, ते त्यांचंच. तेव्हा ही मुलं तुमचं घर हेरून आलेली नाहीत. त्या भागात ती जवळजवळ दोनशे वर्षं येताहेत.

यजमानांना एक नियम मात्र नक्की सांग: अल्पवयीन मुलाला आईवडिलांच्या संमतीशिवाय ते बाप्तिस्मा देत नाहीत. तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय तुमच्या मुलाच्या बाबतीत तसं काही होणार नाही.

बास्केटबॉलला जाऊ दे. पहिल्या दिवशी यजमानांनी स्वतः सोबत जावं, बाकावर बसून खेळ बघावा, तिथल्या मोठ्या माणसांशी ओळख करून घ्यावी. खेळाला होकार, रविवारच्या सभेला नकार, असं मुलाला आधीच सांगून ठेवा म्हणजे त्यालाही तिथे अवघडायला होणार नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. त्या दोघांतला कुणीही तुझ्या लेकापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. मी काय मानतो, हे तो न अडखळता सांगतो. देव आपला पिता आहे, आजही पृथ्वीवर संदेष्टा आहे, जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली छापलेलं मॉर्मनचं पुस्तक बायबलइतकंच पवित्र आहे, आणि मंदिरात विधीने बांधलेलं कुटुंब मरणानंतरही एकत्र राहतं. हे मला पटत नाही, इतर अनेक ख्रिस्ती पंथांनाही पटत नाही. पण ते पटतं म्हणून तो दोन वर्षं घर सोडून पावसात चालतोय, आणि चौदा वर्षांच्या मुलाला हे दिसतं. आता तुझ्या मुलाने विचारलं, "आई, आपण काय मानतो?" तर काय सांगशील? परदेशात आपण गणपती बसवतो, मोदक करतो, मंडळात नाटक बसवतो, पण बोलत नाही. "आपलं असंच असतं" एवढ्यावर मुलांची बोळवण करतो. माझ्या मुलीला मी वर्षानुवर्षं तेच उत्तर दिलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्याकडे तर सासूबाई आहेत. त्या तिन्हीसांजेला दिवा लावत असतील, हरिपाठ म्हणत असतील. मुलाला सांग, आजीला विचार, दिवा का लावतेस, वारीला कधी गेली होतीस का, पांडुरंग विटेवर उभा का आहे. आजीला इंग्रजी येत नसेल तर तू मध्ये बसून सांग. एखादं उत्तर आलं नाही तर नाही आलं म्हण, मग फोन लावा कुणाला तरी. आणि त्याला पटत नसेल तर तेही त्याला बोलू दे. घरात प्रश्न विचारता आला की तो बाहेर उत्तर शोधत फिरत नाही, निदान घाईने तरी फिरत नाही.

त्या दोघांना जेवायला बोलवायचं असेल तर उशीर करू नकोस. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा विचार होतो, एखादा मुलगा एका दिवसात दुसऱ्या गावी जातो आणि आपल्याला निरोपही देता येत नाही. महिन्याचा पहिला रविवार टाळ, त्या दिवशी त्यांचा उपास असतो. यजमान घरी असतील अशी संध्याकाळ धर, लवकर वाढ, त्यांना वेळेत खोलीवर परतायचं असतं. पिठलं-भात कर, तिखट कमी टाक. शेवटी सासूबाईंनाच हळदीचं दूध द्यायला सांग. हळद अगदी चिमूटभर, साखर जरा सढळ. पोरांनी ते पहिल्यांदाच तोंडाला लावलेलं असेल.